अंथरूण आणि पाय : लहान मोटारीच्या तोट्यांचा इतिहास

रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे करंजा दिसते. मध्ये धरमतरच्या खाडीचे मुख आहे. अंतर इतके थोडे की निरभ्र सकाळी पलीकडच्या होड्या मोजता याव्यात. करंज्याहून लाँच आली की माणसे उतरतात, मासळीच्या पाट्या उतरतात आणि दोघातिघांच्या हातांनी उचलून धरलेल्या दुचाक्याही उतरतात. ज्याच्याजवळ फटफटी आहे तो थोड्याच वेळात उरणच्या रस्त्याला लागतो. ज्याच्याजवळ मोटार आहे, मग ती कितीही लहान असो, त्याला पोयनाड, वडखळ, पेण असा खाडीला मोठा वळसा घालून तेथेच पोचावे लागते. आम्ही तिघे सहकारी गेली काही वर्षे भागीदारीत एक अगदी लहान मोटार बाळगून आहोत. तिला घेऊन पहिल्यांदा या धक्क्यावर आलो त्या दिवशी आमच्या ध्यानात आले की लहान मोटार दुचाकीपेक्षा मोठी असते आणि मोटारीपेक्षा लहान असते, आणि या दोन्ही गोष्टी तोट्याच्याच आहेत.

यातला विनोद वाचकांनी क्षणभर बाजूला ठेवावा. चार चाके लागली की नोंदणी, विमा, पथकर आणि उभे राहायची जागा हे सारे मोटारीचे लागते. रस्त्यावर मिळणारा मान, खड्ड्यातून बाहेर पडण्याची ताकद आणि अपघातात वाचण्याची शक्यता मात्र मोटारीची मिळत नाही. हा दुहेरी तोटा कोठून आला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आम्ही मराठीचे अध्यापक. यंत्रातले आम्हांला बेताचेच कळते. परंतु एखादी वस्तू कोणी, कोणासाठी आणि कोणाकडे पाहून घडवली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नसावा.

उंदीर आणि डुक्कर

प्रारंभ शब्दांपासूनच करू. वाहनांना नावे ठेवण्याच्या बाबतीत (दोन्ही अर्थांनी) मराठी माणूस नेहमीच सढळ राहिला आहे. मोटारसायकल आवाजावरून फटफटी झाली, तीनचाकी टमटम झाली आणि जुनी झालेली कोणतीही गाडी खटारा किंवा डबा झाली. मुंबईत १९५०च्या दशकात फियाट ११०० ही गाडी आली तेव्हा तिच्या फुगीर नाकावरून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. हे नाव इतके रुजले की जुन्या गाड्यांचे शौकीन आजही तिचा उल्लेख याच नावाने करतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही.

या नावाला एक मौजेचा शेजार आहे. त्याच इटालियन कंपनीची १९३६ सालची चिमुकली फियाट ५०० इटलीत ‘तोपोलिनो’, म्हणजे ‘छोटा उंदीर’, म्हणून ओळखली जाई. उंदीर आणि डुक्कर या दोन्ही गाड्यांच्या मागे दान्ते जाकोसा हा एकच अभियंता होता. पुढे १९५७ साली त्यानेच नवी फियाट ५०० घडवली. तिचे इंजिन पाचशे घन सेंटिमीटरांहूनही कमी होते. इटलीतल्या जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्या, दुसऱ्या महायुद्धानंतरची ओढग्रस्ती आणि स्कूटरवरून मोटारीकडे येऊ पाहणारा कामगारवर्ग या तिन्हींकडे पाहून ती बेतलेली होती. तिचे लहानपण तिच्या गावाच्या मापाचे होते.

आपल्याकडे मात्र त्या काळी फियाट ही लहान मोटार मानली जाई, कारण तिच्या शेजारी अँबॅसडर उभी असे. तुलनेला दुसरे काही नव्हतेच. लहान हे विशेषण सापेक्ष असते, हे व्याकरणात आपण शिकवतोच. मोटारीच्या बाबतीत ती सापेक्षता केवळ लांबी-रुंदीपुरती उरत नाही. शेजारी कोण उभे आहे त्यावर लहान गाडीचे सुखदुःख ठरते. पुढच्या साऱ्या इतिहासात हे सूत्र पुन्हा पुन्हा भेटेल.

इचलकरंजीची मीरा

लहान मोटारीचा महाराष्ट्रातला पहिला लक्षणीय प्रयत्न मुंबई-पुण्यात झाला नाही. तो इचलकरंजीत झाला. शंकरराव कुलकर्णी या गृहस्थांनी, अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण नसताना, १९४९ साली स्वतःच्या हिकमतीने एक छोटी मोटार तयार केली. तिचे नाव ‘मीरा’. यंत्रमागांच्या या गावात सुटे भाग घडवणारे, जोडणारे, दुरुस्त करणारे हात होते, आणि मीरा त्या वातावरणातूनच उगवली. पुढची सुमारे पंचवीस वर्षे कुलकर्णी तिच्यात सुधारणा करत राहिले. एकामागून एक नमुने तयार झाले. १९७०च्या दशकातल्या शेवटच्या नमुन्याची किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा त्यांचा मानस होता.

मीरा बाजारात कधीच आली नाही. १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानंतर मोटार बनवणे हा सरकारी परवान्याचा विषय झाला होता, आणि इचलकरंजीच्या एका खटपट्या माणसाला तो परवाना मिळाला नाही. आज मीरा छायाचित्रांत आणि लोकांच्या आठवणींत उरली आहे. ती चांगली निघाली असती की वाईट, हे सांगणे व्यर्थ आहे. कदाचित तिच्याही तक्रारींचा पाढा आज आपण वाचला असता. परंतु एक फरक नोंदवायला हवा. मीरा घडवणारा माणूस ज्या रस्त्याने जात होता त्याच रस्त्यासाठी ती घडत होती. धूळ, चिखल, उसाच्या गाड्या, गावातला एकुलता एक मिस्त्री हे सारे त्याच्या नित्याच्या पाहण्यातले होते. यानंतर ज्या लहान मोटारी आपल्या वाट्याला आल्या त्यांच्याविषयी असे म्हणता येत नाही.

लाडकी लहान

स्वस्त आणि लहान मोटार ही कल्पना केंद्र सरकारच्या समित्यांमध्ये १९६०च्या सुमारासच चर्चेला आली होती. त्यावर दहा वर्षे खल झाला. १९७० साली संजय गांधी यांना लहान मोटारीसाठी इरादापत्र मिळाले, १९७१ साली त्यांची मारुती कंपनी स्थापन झाली आणि त्या कंपनीतून सामान्य माणसाच्या हाती एकही मोटार पडली नाही. इचलकरंजीला नाकारलेला आणि दिल्लीला दिलेला हा परवाना शेजारीशेजारी ठेवून पाहिला, तर त्या काळावर निराळे भाष्य करण्याची गरज उरत नाही. पुढे १९८१ साली मारुती उद्योग ही सरकारी कंपनी निघाली, १९८२ साली जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८००च्या किल्ल्या मालकाच्या हाती गेल्या.

मारुती ८०० लहानच होती. जपानमधल्या एका छोट्या गाडीवर ती बेतलेली, इंजिन ७९६ घन सेंटिमीटरांचे, चाके बारा इंचांची. बसायची जागा चौघांची. पण आपल्याकडे मांडीवरचे मूल माणसांत मोजत नाहीत, तेव्हा सहा-सात जण तीत सहज मावत. तिच्यात पाय आखडून बसावे लागे, नऊवारीतल्या आजीला मागच्या सीटवर जाण्यासाठी पुढच्याने उतरून, तिला हात देऊन, पुन्हा बसावे लागे. तरीही तिच्या लहानपणाची कोणाला लाज वाटल्याचे आमच्या आठवणीत नाही. आम्ही शाळेत असताना गल्लीत ती आली की मुले भोवती जमत. याचे कारण उघड आहे. रस्त्यावर तिच्या शेजारी उभी राहणारी मोटार फियाट किंवा अँबॅसडर होती. दोन्ही आकाराने मोठ्या, पण मारुती नवी होती. ती लहान होती, ‘हलकी’ नव्हती. मराठीत या दोन शब्दांतले अंतर फार मोठे आहे.

ते अंतर १९९० नंतर मिटत गेले. उदारीकरणाने परदेशी कंपन्या आल्या, मोटारी लांबल्या, रुंदावल्या आणि उंचावल्या. मारुती ८०० तीच राहिली आणि शेजारी बदलल्यामुळे हलकी झाली. एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज चार हे प्रदूषणाचे नियम तेरा शहरांत लागू झाले. त्यात मुंबई होती, पुणे होते आणि सोलापूरही होते. कंपनीने या शहरांतली तिची विक्री थांबवली. इतरत्र ती २०१४च्या आरंभापर्यंत चालू राहिली. शहरासाठी जन्मलेली गाडी शहराने बाहेर घालवली आणि गावांनी पुढे आणखी काही वर्षे सांभाळली, असा हा प्रसंग आहे. अलिबाग, पेण, रोहा या तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या क्रमांकाच्या जुन्या लहान गाड्या आजही दिसतात त्या याच ओघाने आलेल्या. शहराला नकोसे झालेले गावाला हवेसे वाटते, हा अनुभव आपल्याला कपड्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत आहेच. आमची गाडीही अशीच तिसऱ्या हाताने आलेली आहे.

वजाबाकीचे शास्त्र

आता नॅनोकडे येऊ. दुचाकीवरून पावसात भिजत जाणारे चौघांचे कुटुंब पाहून या गाडीची कल्पना सुचली, असे रतन टाटा यांनी अनेकदा सांगितले आहे. पुण्यातल्या संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने तिचा आराखडा सिद्ध केला. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत तिचे दर्शन झाले, २३ मार्च २००९ रोजी मुंबईत ती विक्रीस खुली झाली. किंमत एक लाख रुपये ठेवण्याचा शब्द जाहीरपणे दिलेला होता, आणि तो पाळण्यासाठी मोठ्या बुद्धिमत्तेने वजाबाकी केली गेली. काचेवर दोनऐवजी एकच वायपर. चाकाला चारऐवजी तीन नट. मूळ नमुन्याला डाव्या बाजूचा आरसा नाही. पाठीमागे इंजिन, आणि मागचे दार उघडतच नाही. सामान ठेवायचे तर आतून, सीट वाकवून. पेट्रोलची टाकी पंधरा लिटरांची, आणि पेट्रोल भरण्यासाठी पुढचे झाकण उघडायचे.

या वजाबाकीमागची कळकळ आम्ही नाकारत नाही. दुचाकीवर आईच्या कडेला झोपलेले मूल ज्याने पाहिले आहे त्याला तिचे मोल कळते. प्रश्न एवढाच पडतो की काय काढून टाकायचे हे ठरवताना समोर कोणता रस्ता होता? रेवसकडून वडखळला पावसाळ्यात एकदा यावे. समुद्राकडून येणारा पाऊस सरळ पडत नाही, तो आडवा येतो. अवजड ट्रेलर बाजूने जाताना चिखलाची अख्खी लाट काचेवर चढवतो. खड्ड्यांचा तळ पाण्यामुळे दिसत नाही, आणि बारा इंचांचे चाक त्यात उतरले की गाडीचे पोट रस्त्याला लागते. शहरात ज्या गोष्टी वरकड वाटतात त्या येथे जीवनावश्यक असतात. लहान गाडी म्हणजे शहरातली गाडी, हे समीकरण घडवणाऱ्याच्या मनात पक्के होते. पण स्वप्न मात्र दुचाकीवरच्या साऱ्या भारताला विकले गेले होते.

आमच्या स्वतःच्या गाडीचे (तिच्या कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही) गाऱ्हाणे याच जातीचे आहे. परीक्षांच्या दिवसांत आम्ही तिघे आणि उत्तरपत्रिकांचे चार गठ्ठे असा प्रवास असतो; त्यात गठ्ठ्यांना सीट मिळते आणि आमच्यापैकी एक जण एसटीने जातो. कार्ले खिंड चढताना वातानुकूलन बंद करावे लागते. खाऱ्या वाऱ्याने दारांच्या खालच्या कडा पोखरल्या आहेत, आणि पत्रा मुळात इतका पातळ की वेल्डिंगवाला हात लावायला कचरतो. रेवसच्या धक्क्यावर एकदा एका कोळीणबाईंना अलिबागपर्यंत सोडतो म्हणालो. त्यांनी गाडीकडे पाहिले, डोक्यावरच्या पाटीला हात लावला आणि विचारले, ‘मास्तर, या गारीन मी बसू का पाटी ठेवू?’ एवढे बोलून त्या मिनिडोरकडे गेल्या. लहान मोटारीवर याहून नेमकी टीका आम्ही वाचलेली नाही.

पण ही सारी गैरसोय झाली, आणि गैरसोय सोसता येते. एक तोटा सोसण्यापलीकडचा आहे. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनसीएपी या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाड्या धडकवून घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. नॅनोसह भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांच्या, एअरबॅग नसलेल्या नमुन्यांना, मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्या पाचांत नावाजलेल्या परदेशी कंपन्यांच्या गाड्याही होत्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. लहान गाडीच तेवढी दोषी नव्हती. तरीही हलक्या गाडीसमोर अवजड गाडी आली तर धडकेचा मोठा वाटा हलकीला सोसावा लागतो, हा भौतिकशास्त्राचा नियम कोणत्याही कायद्याने बदलत नाही. आमच्यातल्या एकाची आई एका पावसाळी रात्री पेणहून आमच्या गाडीत मागे बसली होती. ट्रेलरच्या झोताने गाडी हलली तेव्हा ती काहीच बोलली नाही. घरी पोचल्यावर एवढेच म्हणाली, ‘पुढच्या खेपेला मला एसटीत बसवून दे.’ दुचाकीवरच्या कुटुंबाला छप्पर द्यावे, या सद्हेतूने सुरू झालेली वजाबाकी त्या छपराच्या पत्र्यापर्यंत पोचली होती की काय, असा प्रश्न त्या रात्री आम्हांला पडला.

स्वस्ताईची किंमत

नॅनोच्या कथेत आणखी एक वजाबाकी आहे, आणि तिचा हिशेब गाडीच्या किमतीत कोठेच दिसला नाही. पश्चिम बंगालमधल्या सिंगूर येथे तिच्या कारखान्यासाठी सुमारे ९९७ एकर जमीन संपादित झाली. शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर ऑक्टोबर २००८मध्ये कंपनीने तेथून काढता पाय घेतला आणि गुजरातेत साणंदला जाऊन २०१० साली कारखाना सुरू केला. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन रद्द ठरवले आणि जमिनी परत करण्याचा आदेश दिला. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आपण उधळपट्टीसाठी वापरतो. येथे मसाल्याचे पैसे कोंबडी खाणाऱ्याने दिले नव्हते, एवढाच फरक.

२०१० साली काही नॅनोंना आगी लागल्या. कंपनीने त्याच वर्षी गाड्यांत जादा सुरक्षाव्यवस्था विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखवली. पण गाडीला खरी झळ लागली ती ‘सर्वांत स्वस्त’ या दोन शब्दांची. वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता डोळ्यांसमोर ठेवून उभारलेल्या कारखान्याच्या या गाडीची सर्वांत चांगली विक्री २०११-१२ साली झाली, ती सुमारे ७४ हजारांची. जून २०१८मध्ये फक्त एक नॅनो तयार झाली. त्याच वर्षी उत्पादन थांबल्यात जमा झाले. ‘स्वस्त’ हा शिक्का बसू दिला ही चूक झाली, असे टाटांनीही पुढे मान्य केले. २०१५च्या सुधारित नॅनोला उघडणारे मागचे दार आले, टाकी मोठी झाली. पण किंमत दोन लाखांच्या घरात गेली होती आणि शिक्का पुसला गेला नव्हता.

साहित्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये. माणूस वस्तू विकत घेतो तेव्हा त्या वस्तूने आपल्याविषयी काय सांगावे हेही विकत घेत असतो. जो माणूस दुचाकीवरून मोटारीकडे येतो तो आयुष्यातली एक पायरी चढत असतो. लग्नाला, जत्रेला, सासुरवाडीला त्या गाडीने जायचे असते. त्या पायरीवर ‘सर्वांत खालची’ असे लिहिले असेल तर तो आणखी दोन वर्षे दुचाकीवर काढेल किंवा कर्ज काढून पुढची गाडी घेईल. दुचाकीवरच्या माणसाची गरज पाहिली गेली, त्याचा अभिमान पाहिला गेला नाही. मारुती ८००ला जे न मागता मिळाले ते नॅनोला एवढा गाजावाजा करूनही मिळाले नाही.

गाव गाडीच्या मापाचे

मग लहान गाडी जगात कोठेच यशस्वी झाली नाही काय? झाली, आणि कशी झाली ते पाहणे उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये १९५६च्या सुएझ पेचप्रसंगानंतर पेट्रोलची टंचाई झाली आणि १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ आली. तिची लांबी साधारण नॅनोइतकीच, दहा फुटांच्या जवळपास. चाके तर दहाच इंचांची. परंतु ती गरिबाची म्हणून कोणी विकली नाही, आणि कारकुनापासून नटापर्यंत सर्वांनी ती चालवली. जपानमध्ये १९४९ साली सर्वांत लहान मोटारींचा एक स्वतंत्र वर्गच कायद्याने निर्माण झाला. त्याला ‘केई’ म्हणतात. या गाड्यांची लांबी, रुंदी आणि इंजिनाची मर्यादा ठरलेली आहे. त्या बदल्यात मालकाला करात सवलत मिळते. १९६२पासून तेथे मोटार घेणाऱ्याला ती उभी करण्याची जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि अनेक ग्रामीण भागांत केई गाड्या त्यातून वगळल्या गेल्या. अरुंद गल्लीतला दुकानदार आणि डोंगरातला शेतकरी दोघेही ती वापरतात. थोडक्यात, तेथे गाडी लहान केली तेव्हा कायदा, कर आणि वाहनतळ हेही तिच्या मापाचे केले.

आपल्याकडे उलटे झाले. २००६च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. पण लहान म्हणजे चार मीटरांहून कमी लांबीची, अशी व्याख्या ठरली. ती इतकी ऐसपैस होती की कंपन्यांनी मोठ्या गाड्यांची शेपटी कापून त्या चार मीटरांत बसवल्या आणि उंच, भारदस्त गाड्याही ‘लहान’ म्हणून विकल्या. सप्टेंबर २०२५मध्ये वस्तू व सेवा कराचा दर लहान मोटारींसाठी १८ टक्क्यांवर आला तेव्हाही व्याख्येत चार मीटरच राहिले. तीन मीटरांची गाडी आणि चार मीटरांची गाडी कायद्याला सारखीच. जानेवारी २०२४मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूवरही मोटारीचा पथकर एकच आहे. चिमुकलीला वेगळा हिशेब नाही. या किनाऱ्यावर आकाराचा विचार करणारी एकच सोय आमच्या पाहण्यात आहे, ती म्हणजे २०२० साली सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो नौका. तेथे गाडीच्या आकारानुसार भाडे आकारतात. समुद्राला जे कळले ते रस्त्याला अजून कळायचे आहे.

बजाजच्या ‘क्यूट’ची कथा याच गोंधळाची पुढची पायरी आहे. पुण्याच्या या कंपनीने जानेवारी २०१२मध्ये हे चारचाकी वाहन दाखवले. इंजिन २१६ घन सेंटिमीटरांचे, वेग ताशी सत्तरपर्यंत. हे रिक्षा की मोटार, याचा निर्णय होण्यातच वर्षे गेली. ‘क्वाड्रिसायकल’ असा नवा वर्ग करावा लागला, प्रकरण न्यायालयांत फिरले आणि महाराष्ट्रात ते विक्रीला यायला एप्रिल २०१९ उजाडला. आपल्या व्यवस्थेला लहान वाहनासाठी नीट नावदेखील सापडले नव्हते.

मिनिडोरवाल्याचे शहाणपण

कोळीणबाई ज्या मिनिडोरकडे गेल्या तिच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. रायगड जिल्ह्यात सहा आसनी तीनचाकीला सरसकट मिनिडोर म्हणतात. अलिबाग, पेण, रेवस, मांडवा या टापूत कित्येक वर्षे तिने माणसे वाहिली. आवाज असा की शेजारच्याशी बोलता येऊ नये, धूर असा की मागच्याने नाक दाबावे. सुरक्षिततेच्या कोणत्याही परीक्षेत ती बसणार नाही, आणि आम्ही तिचा गौरव करू इच्छित नाही. परंतु टपावर पाटी, मागे कांद्याची माळ, मध्ये सहाच्या जागी नऊ माणसे आणि कोणत्याही खड्ड्यापाशी खाली उतरून ढकलण्याची सर्वांची तयारी, हा तिचा संसार या रस्त्याच्या मापाने घडलेला होता. तिच्यात बसणाऱ्याला ती आपली पत ठरवते असे कधी वाटले नाही, कारण ती कोणा एकाच्या मालकीची मिरवण्याची वस्तू नव्हती.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ या कथेत एसटी अडते आणि आतला सारा समाज रस्त्यावर उतरून बोलू लागतो. लहान मोटार अडली की तिचा मालक एकटाच बॉनेट उघडून उभा राहतो. हाही तिचा एक तोटाच आहे, आणि तो कोणत्याही चाचणीत मोजला जात नाही. अलिबाग-रेवस एसटी वेळेवर आली असती तर आम्ही तिघांनी भागीदारीत मोटार घेतलीच नसती, हे कबूल करायला हवे. खासगी लहान गाडीची गरज पुष्कळदा सार्वजनिक गाडीच्या अनुपस्थितीतून जन्मते. आणि जो ती सर्वांत शेवटी व सर्वांत कष्टाने घेतो त्याच्या वाट्याला ती सर्वांत लहान येते.

१९८०च्या दशकाच्या आरंभी बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना रेवस ते रेडी अशा सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली. रेवस-करंजा पूल हे त्या स्वप्नाचे टोक. चार दशके उलटली. पूल अद्याप पुरा झालेला नाही. तो होईल तेव्हा आमची मोटार, तोवर टिकलीच तर, पलीकडे जाईल. तिच्या दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या गाड्या जातील, पथकर बहुधा साऱ्यांना एकच असेल, आणि पुलावरचा वारा तिला ट्रेलरइतकाच हलवील.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. लहान मोटारीच्या मालकाने ते तंतोतंत पाळले. त्याने ऐपतीइतकीच गाडी घेतली आणि तिच्यात पाय आखडून बसला. अंथरूण कोणी कापले आणि कोणाच्या मापाने कापले, हे विचारण्याची मुभा मात्र म्हणीत नाही. शंकरराव कुलकर्णींनी इचलकरंजीत आपले अंथरूण आपणच शिवायला घेतले होते. ते पुरे होऊ दिले असते तर तेही कदाचित तोकडे निघाले असते. पण तोकडे असते तर कोठे, हे त्यांना त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत बसून कळले असते.